विद्यार्थ्यांना रुग्णाशी भागीदारी शिकवायची, तर नाटक कसं वापरावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवता आणि पहिल्या वर्षाच्या एटकॉमचे, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयाचे तास तुमच्याकडे आलेत. ‘रुग्णाला निर्णयात सहभागी करून घ्या’ हे स्लाइडवर दाखवून झालं, मुलांनी पेपरात व्यवस्थित लिहिलंही. पण ओपीडीत तीच मुलं मान खाली घालून केसपेपर भरतात. म्हणून नाटक करून बघावं असं तुमच्या मनात आलंय. त्यासाठी नट हवेत का, संहिता कुठून आणायची, दीडशे मुलं कशी सांभाळायची, आणि याने खरंच काही फरक पडतो का, हे तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं एका ग्रामीण महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे तुमचाच विषय, शिकवते आहे. त्यातली अकरा वर्षं एका नाट्यकर्मी मित्राच्या मदतीने हे काम चाललंय. त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमची मुलं नाटकात कच्ची नाहीत. 1 डिसेंबरला एड्स दिन, 24 मार्चला क्षयरोग दिन, मग स्तनपान सप्ताह. डफ वाजवून घसा फोडून पथनाट्य करणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात. पण त्या पथनाट्यांत काय असतं ते आठवून बघा. गावकऱ्याला काही कळत नाही, तो भगताकडे जातो, मग डॉक्टर येतो आणि सगळं समजावून सांगतो. गावकरी हात जोडतो. म्हणजे ओपीडीतलं जे नातं तुम्हाला बदलायचंय, तेच आपण पथनाट्यात दरवर्षी गिरवून घेतो. तेव्हा अजून एक नाटक बसवल्याने काम होणार नाही. मुलं उद्धट नाहीत. निर्णयाला लागणारी सगळी माहिती आपल्याकडेच असते आणि समोरच्याने फक्त ती पाळायची असते, असं त्यांना मनापासून वाटतं. आपल्याकडे अर्धीच माहिती आहे, उरलेली अर्धी समोरच्या बाईकडे आहे, हे त्यांना कुणीतरी अनुभवायला लावावं लागतं. त्यासाठी नाटकाइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

नाटक म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, तीही आधी सोडवते. एक म्हणजे अभिरूप रुग्ण. 1963च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने एका स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवली आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. आजच्या ऑस्कीमध्ये (टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत) जो ‘पेशंट’ बसवतात, त्याचं मूळ तिथं आहे. कौशल्य तपासायला ते उत्तम. दुसरी गोष्ट म्हणजे फोरम थिएटर. ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात हद्दपारीत असताना ते घडवलं. यात एक छोटा प्रवेश दाखवतात, तो वाईट वळणावर संपतो. मग तोच प्रवेश पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून उठतो, एका पात्राची जागा घेतो आणि वेगळं काही करून बघतो. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये बोआल यांच्या पद्धतीच्या कार्यशाळा झाल्या आहेत आणि बंगळुरूच्या राधा रामस्वामी यांनी ती पद्धत आपल्या देशातल्या वैद्यकीय शिक्षणात आणायला मोठा हातभार लावला. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही आहोत. भागीदारी शिकवायला मी फोरम थिएटर वापरते. तिथे ‘बरोबर उत्तर’ ठरलेलं नसतं, म्हणून.

आता आमचा एक प्रवेश सांगते. त्यावरून बाकीचं आपोआप उलगडेल.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर शेकडो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि काम चुकलं की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. प्रवेशात अशीच एक पंचेचाळिशीची बाई आहे. गोळ्यांवर साखर आटोक्यात येत नाही. इंटर्न तिला सांगतो की आता इन्सुलिन सुरू करावं लागेल, रोज दोन वेळा, जेवणाच्या आधी, फ्रिजमध्ये ठेवायचं. बाई ‘हो’ म्हणते. इंटर्न विचारतो, समजलं ना? बाई ‘हो’ म्हणते. घ्याल ना नियमित? ‘हो.’ ती उठते. दाराबाहेर पोरीला म्हणते, ‘चल, गाडी चुकंल.’ चिठ्ठी पिशवीत तळाला जाते. एवढंच, सहा मिनिटं.

हा प्रवेश आम्ही लिहिलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या तीन बायांबरोबर आम्ही दोन दुपारी बसलो, त्यातून तो आला. मी आधी लिहून नेलेल्या कागदात बाई डॉक्टरला उलट प्रश्न विचारत होती. त्या हसल्या. एक म्हणाली, ‘आमी कुठं इचारतो? आमी हो म्हणतो.’ मग तिने तीन वेळा ‘हो’ म्हणून दाखवलं. पहिला हो डॉक्टरकडे बघून. दुसरा जमिनीकडे बघून. तिसरा उठता उठता, दाराकडे बघून. ती म्हणाली, तिसऱ्या होला आमचं ठरलेलं असतं की हे काही होत नाही. कित्येक वर्षं मी गावोगाव फिरले होते, पण ते तीन हो मला त्या दिवसापर्यंत वेगळे ऐकू आले नव्हते.

आता मुलं उठतात तेव्हा काय होतं बघा. पहिला विद्यार्थी बहुधा गोड बोलतो. नमस्कार करतो, खुर्ची जवळ ओढतो, ‘मावशी, काळजी करू नका’ म्हणतो. इन्सुलिनचं महत्त्व सोप्या मराठीत सांगतो. बाईची भूमिका करणारी व्यक्ती तीनदा हो म्हणते आणि निघून जाते. सभागृहात चुळबुळ होते. दुसरी विद्यार्थिनी चित्र काढून स्वादुपिंड दाखवते. पुन्हा तीन हो. तिसरा आठवून सांगतो की फ्रिज नसेल तर मडक्यात, ओल्या वाळूत बाटली ठेवता येते. ही माहिती बरोबर आहे, पण बाईला कुणी अजून विचारलेलंच नाही की ती पुढचे सहा महिने कुठे असणार आहे. शेवटी कुणीतरी, बहुतेक वेळा गावाकडून आलेला एखादा मुलगा, पेन खाली ठेवतो आणि विचारतो, ‘मावशी, यातलं तुम्हाला काय जमणार नाही?’ मग मात्र बाई बोलते. पहाटे तीन-चारला उठून फडात जावं लागतं. पहिली भाकर पोटात कधी पडेल ते गाडी भरण्यावर असतं. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फ्रिज सोडा, दार नाही. आणि जावेला सुई टोचल्यावर फडात घेरी आली होती.

तिथे सूत्रधार प्रवेश थांबवतो आणि मुलांना विचारतो, आता तुमचा सल्ला तोच राहिला का? शांतता पसरते. राहत नाही ना. जेवायची वेळ ठरलेली नाही आणि अंगमेहनत प्रचंड, अशा बाईला जेवणाआधीचं ठरावीक इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक उतरू शकते. म्हणजे बाईचं ‘न जमणं’ हीच वैद्यकीय माहिती होती आणि ती केसपेपरच्या कुठल्याही रकान्यात नव्हती. मग खरी चर्चा सुरू होते. दुसरी गोळी वाढवता येईल का, दिवसातून एकदाचं इन्सुलिन चालेल का, कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र कुठलं, घेरी आली तर जवळ साखर किंवा गूळ ठेवायचा हे नवऱ्यालाही सांगायचं. आणि हे सगळं बाई आणि इंटर्न दोघं मिळून ठरवतात. मुलांना तेव्हा कळतं की रुग्णाला विचारणं हा सौजन्याचा भाग नाही, त्याशिवाय उपचारच चुकतो. मी हे शंभर वेळा व्याख्यानात सांगितलं असेन, पण पटताना पाहिलं ते इथेच.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगते. तुमचं कॉलेज पुण्या-मुंबईत असेल तर ऊसतोड चालणार नाही. तुमच्या ओपीडीत कोण येतं ते बघा. डायलिसिसवरचा रिक्षाचालक असेल, रात्रपाळीची सुरक्षारक्षक असेल, मुलीच्या कानाच्या मशिनसाठी रजा संपलेली आई असेल. तुमच्या बॅचमध्ये मराठी न येणारी मुलं किती, यावरही बरंच ठरतं. फाउंडेशन कोर्समध्ये, म्हणजे प्रवेशानंतरच्या सुरुवातीच्या ओळखवर्गात, स्थानिक भाषेचे तास असतात, ते या प्रवेशांना जोडून घेतले तर दोन्हींना अर्थ येतो. हिंदीत प्रवेश करू नका. तिसरा ‘हो’ हिंदीत हरवतो. दीडशे मुलं एकत्र घेतली तर पंधरा बोलतील आणि बाकीची मोबाइल बघतील, त्यामुळे तीस-पस्तीसच्या तुकड्या कराव्या लागतात. तेवढे तास मिळतील की नाही हे तुमच्या विभागप्रमुखांवर आहे. त्यांना सांगताना 2018च्या एटकॉम पुस्तिकेचा आधार घ्या. पहिल्या वर्षातलं एक मॉड्यूलच ‘रुग्ण असणं म्हणजे काय’ या विषयावर आहे. वेगळे तास मागायची गरज पडत नाही, असलेले तास वेगळ्या पद्धतीने वापरायची परवानगी मागायची.

कोणाची जागा कोणी घ्यायची, हा या पद्धतीतला सगळ्यात नाजूक मुद्दा आहे आणि मी सुरुवातीला इथे चुकले. बोआल यांच्या मूळ पद्धतीत प्रेक्षक दबलेल्या पात्राची जागा घेतात, सत्ता असलेल्याची नाही. मी तो नियम जसाच्या तसा लावला आणि मुलांना बाईच्या जागी जाऊ दिलं. झालं काय, तर मुलं बाई होऊन ठणकावून बोलायला लागली. ‘डॉक्टर, मला फ्रिज नाही, दुसरा पर्याय द्या!’ टाळ्या पडल्या. चर्चेत निष्कर्ष निघाला की रुग्णांनी स्पष्ट बोलायला शिकलं पाहिजे. सगळा भार पुन्हा बाईवर. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की विद्यार्थी इंटर्नची, सिस्टरची किंवा नातेवाइकाची जागा घेऊ शकतात, रुग्णाची नाही. रुग्णाची जागा घ्यायची असेल तर ती सभागृहात बसलेल्या रुग्णांनी घ्यायची. हे मूळ नियमाच्या फार विरुद्धही नाही, कारण आमच्या प्रवेशातला इंटर्नही दबलेलाच असतो. बाहेर साठ जणांची रांग आहे, मागे रेसिडेंट घड्याळ दाखवतोय. तो दबाव प्रवेशात ठेवाच. डॉक्टरला खलनायक केलंत तर मुलं सुटतात, ‘आम्ही असे नाही’ म्हणतात. इंटर्न चांगला, मेहनती, थोडा थकलेला हवा. म्हणजे मुलं त्याच्यात स्वतःला बघतात.

दुसरी चूक अजून जिव्हारी लागलेली आहे. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या रंगमंचावर, दिवे लावून प्रयोग केला. रुग्णाची भूमिका एका हुशार विद्यार्थ्याने केली. फाटकं धोतर, वाकडं मुंडासं आणि बोलीची अशी नक्कल की पोरं हसून लोळली. पहिल्या रांगेत आम्ही बोलावलेले एक काका बसले होते, मधुमेहाने पायाची बोटं गेलेली. प्रयोगानंतर मला म्हणाले, ‘चांगलं झालं, बाई.’ पुढच्या वेळी बोलावलं तर आले नाहीत, नंतरही कधी नाही. त्यांचा तो ‘चांगलं झालं’ म्हणजे तिसरा हो होता, हे मला काही वर्षांनी कळलं. तेव्हापासून वेशभूषा बंद, मेकअप बंद, रंगमंच बंद. वर्गातल्या जमिनीवर गोल करून बसायचं, मध्ये दोन खुर्च्या. आणि रुग्णाची भूमिका विद्यार्थी करत नाहीत. आमच्याकडे आता पाच जण आहेत, सगळे स्वतः कधी ना कधी दीर्घ आजारातून गेलेले. त्यांना आम्ही सहकारी म्हणतो आणि तसंच वागवतो. माँट्रियल विद्यापीठात 2010पासून रुग्णांना सह-शिक्षक म्हणून घेतलं जातं, त्याबद्दल वाचून मला धीर आला होता. पण आमची रीत आमच्या गरजेतून आली.

म्हणजे तुमच्या ‘नट हवेत का’ याचं उत्तर नाही असं आहे. सूत्रधार मात्र चांगला हवा, आणि तो शक्यतो तुमच्या विभागाबाहेरचा. तुम्ही सूत्रधार झालात तर मुलं तुमच्या चेहऱ्यावर बरोबर उत्तर शोधतात. जवळच्या गावात नाटकाचा एखादा हौशी गट असतोच, तिथे विचारा. सूत्रधाराने कुणाचंही कौतुक करायचं नाही आणि कुणाला चूक ठरवायचं नाही. प्रत्येक प्रयत्नानंतर त्याने एकच प्रश्न बाईला विचारायचा: ‘आता घरी जाऊन काय कराल?’ ती खरं सांगते. विद्यार्थ्याला तेवढं पुरतं.

सहकाऱ्यांबद्दल दोन-तीन गोष्टी आग्रहाने सांगते. सध्या तुमच्याच वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाला यासाठी विचारू नका, तो नाही म्हणू शकत नाही. कुणालाही स्वतःची कहाणी जशीच्या तशी सादर करायला लावू नका. तीन-चार जणांच्या अनुभवांतून एक पात्र बनवा, म्हणजे ते पात्राबद्दल मोकळेपणी बोलू शकतात आणि त्यांचं खासगी त्यांच्याकडेच राहतं. त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, तो भरून द्या. आम्हाला हे पैसे ऑफिसकडून मंजूर करून घ्यायला दोन वर्षं लागली, तोवर आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढली. विद्यार्थ्यांचीही काळजी घ्या. एखाद्या मुलीचे वडील अशाच आजाराने गेलेले असतात. सुरुवातीलाच सांगा की कधीही उठून बाहेर जाता येईल, कारण विचारलं जाणार नाही. एक शिक्षक दाराजवळ बसवा.

तुम्ही अजून एक शंका लिहिली होती: भागीदारी म्हणजे रुग्ण म्हणेल ते करायचं का? यावर आमचा दुसरा प्रवेश आहे. तिशीतली बाई येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, पिशवी काढून टाका.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न 2019मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर आमच्या सहकारी बायांनीच हा प्रवेश करायचा हट्ट धरला. यात मुलांचे दोन तट पडतात. काही जण तिला रागावतात, एवढ्या लहान वयात कसं काय मागता म्हणून. काही जण म्हणतात, रुग्णाची इच्छा आहे, सर्जनकडे पाठवा. दोघांनीही तिला विचारलेलं नसतं की पिशवी काढून नेमकं काय सुटणार आहे. विचारलं की कळतं: अंगावरून पांढरं जातंय, पाळीत रक्तस्राव खूप, फडावर संडास नाही, पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांत खाडा पडतो आणि गावातल्या कुणीतरी पुढे कॅन्सर होईल असं घाबरवलंय. यातल्या काही गोष्टींवर औषध आहे. काहींवर औषध नाही, तिथे मुकादम आणि कारखाना यांच्याशी बोलावं लागतं, आणि ते डॉक्टरच्या हातात फारसं नाही हेही तिला खरं सांगावं लागतं. तपासणी करून कॅन्सरची भीती दूर करता येते. इतक्या लवकर गर्भाशय काढलं, त्यातही अंडाशय काढले, तर हाडं आणि बाकी शरीरावर काय होतं ते डॉक्टरने स्पष्ट सांगायलाच हवं. नाही म्हणायची वेळ आली तर कारणासकट नाही म्हणायला हवं. या प्रवेशाचा शेवट आमच्याकडे दर वेळी वेगळा होतो. एकदा बाईची भूमिका करणारी आमची सहकारी म्हणाली, ‘पटलं, पण मी दुसऱ्या दवाखान्यात विचारीन.’ वर्गात कुणालाच ते आवडलं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

फरक पडतो का? तासाभराच्या प्रवेशाने वागणं बदलतं असं मी म्हणणार नाही. पुढे सहा महिने गर्दीची ओपीडी असते आणि ती सगळं धुऊन काढते. म्हणून आम्ही ते पोस्टिंगला, म्हणजे ओपीडीतल्या प्रत्यक्ष कामाला, जोडलं. प्रवेशानंतरच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने ओपीडीत तीन रुग्णांना ‘यातलं काय जमणार नाही’ हे विचारायचं आणि उत्तर जसं आलं तसं, रुग्णाच्याच शब्दांत वहीत लिहायचं. वैद्यकीय भाषेत नाही. त्या वह्या पुढच्या बैठकीत वाचतो. अभिनयाला गुण नाहीत, वहीलाही नाहीत. गुण दिले की मुलं रुग्णाची उत्तरं घरी बसून रचतात, हे मी पाहिलंय. काही मुलांमध्ये काहीच होत नाही. काही इंटर्नशिपला आल्यावर अजून तो प्रश्न विचारताना दिसतात, आणि त्यांची ओपीडी इतरांपेक्षा फार हळू चालत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

थोडक्यात, पहिल्या खेपेला एवढंच करा. तीस मुलं, दोन खुर्च्या, सहा मिनिटांचा एक प्रवेश, तो दोन-तीन रुग्णांबरोबर बसून बनवलेला. बाहेरचा सूत्रधार. एकूण दीड तास ठेवा, त्यातला अर्धा तास शेवटच्या बोलण्यासाठी. त्या वेळी मुलं आधी गप्प राहतात, ती शांतता भरून काढू नका. विभागप्रमुखांना पहिल्या प्रयोगाला बोलावू नका, दुसऱ्याला बोलवा, आणि त्यांनीही गोलात खाली बसायचं हे आधी ठरवून घ्या. आलेल्या सहकाऱ्यांना मानधन वर्ग सुरू व्हायच्या आधी द्या आणि त्यांची परतीची एसटी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा. पहिल्या वर्षी आमची चर्चा लांबली आणि एक मावशी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसल्या, त्यांची साडेचारची गाडी गेली. आता आमचा तास त्यांच्या गाडीच्या वेळेवरून ठरतो.